उतरल्या दिवशी जंगल नको

वाचकाचे पत्र

सप्रेम नमस्कार. यंदा दिवाळीच्या सुट्टीत आम्ही केनियाला मसाई मारा पाहायला जात आहोत. मी, यजमान, सासूबाई (वय ६७), मुलगी सात वर्षांची आणि मुलगा सव्वातीन वर्षांचा. मुंबईहून पहाटे साडेचारचे थेट विमान आहे आणि ते तिथल्या सकाळी आठला नैरोबीला पोहोचते. टूरवाल्यांनी त्याच दिवशी विमानतळावरून गाडीने परस्पर मारा आणि संध्याकाळी पहिली जंगलफेरी असा बेत दिला आहे. पुढे चार रात्री लॉजवर, आणि लॉज अभयारण्याच्या हद्दीतच आहे. यजमानांचे म्हणणे असे, की एवढे पैसे मोजून एक रात्र शहरात कशाला घालवायची? मला मात्र धाकट्याची काळजी वाटते. तो रांगेत पाच मिनिटे उभा राहत नाही, आणि झोप मोडली की दिवसभर किरकिर करतो. आमच्यापैकी कुणीच यापूर्वी परदेशी गेलेले नाही. विमानतळावर नेमके काय काय होते, हातातल्या सामानात काय ठेवावे आणि त्याच दिवशी पुढे जावे की नाही, हे कृपया सांगावे.
– एक वाचक, कोथरूड

उत्तर

सप्रेम नमस्कार.

तुमच्या तीन प्रश्नांपैकी शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देते, कारण उरलेल्या दोन्हींची उत्तरे त्यावरून ठरतात. उतरल्या दिवशी माराला जाऊ नका. पहिली रात्र नैरोबीत काढा, माराच्या चारऐवजी तीन रात्री घ्या, आणि हा बदल टूरवाल्यांना याच आठवड्यात लेखी कळवा.

यजमानांचा मुद्दा पैशाचा आहे, म्हणून आधी पैशाचेच बोलू. २०२४ पासून मसाई माराचे प्रवेशशुल्क परदेशी प्रौढ व्यक्तीला जुलै ते डिसेंबर या काळात दिवसाला २०० डॉलर आहे, आणि ते तिकीट सकाळी सहा ते संध्याकाळी सहा एवढ्याच वेळेपुरते चालते. आठ वर्षांपर्यंतच्या मुलांना प्रवेश मोफत असल्यामुळे तुमच्या दोन्ही मुलांचे काही पडणार नाही, परंतु तुम्ही तिघे प्रौढ आहात. लॉज हद्दीत असल्यामुळे दुपारी चारला फाटकातून आत शिरलात, की त्या दिवसाचे तिघांचे मिळून ६०० डॉलर द्यावेच लागणार, आणि त्याच्या बदल्यात मिळणार जेमतेम दोन तास, तेही पेंगुळलेल्या मुलांना मांडीवर घेऊन. त्याऐवजी दुसऱ्या दिवशी भल्या सकाळी नैरोबीहून निघून दुपारच्या जेवणाला लॉजवर पोहोचलात, तर तेवढ्याच शुल्कात अख्खी दुपार आणि संध्याकाळ पदरात पडते. शेवटच्या दिवशी सकाळी दहाच्या आत हद्दीबाहेर पडले, की त्या दिवसाचे वेगळे शुल्क लागत नाही. म्हणजे एक रात्र नैरोबीत काढल्याने माराच्या एका पूर्ण दिवसाचे शुल्क आणि लॉजचे एका रात्रीचे भाडे वाचते, आणि त्या रकमेत नैरोबीच्या चांगल्या हॉटेलात दोन खोल्या सहज बसतात. टूरच्या किमतीत प्रवेशशुल्क आधीच धरलेले असेल, तर त्या एका दिवसाचा परतावा मागून घ्या. तो मागण्यात संकोच वाटण्यासारखे काही नाही.

आता तासांचा हिशेब करू, आणि तो मुंबईपासून न धरता कोथरूडच्या दारापासून धरू. पहाटे साडेचारच्या विमानासाठी तुम्हाला रात्री नऊला घर सोडावे लागेल, कारण सुट्टीच्या दिवसांत द्रुतगती मार्गावर बोरघाटात गाडी किती वेळ अडकेल याची हमी कुणी देऊ शकत नाही, आणि आंतरराष्ट्रीय उड्डाणासाठी तीन तास आधी पोहोचणे भाग आहे. पुढे सहा तासांचे उड्डाण. आपल्या घड्याळात साडेदहा वाजलेले असताना तुम्ही उतराल, आणि केनियाचे घड्याळ अडीच तास मागे असल्यामुळे तिथे सकाळचे आठ वाजलेले असतील. विमानतळाबाहेर पडायला तास-दीड तास धरा. तिथून माराचे सेकेनानी फाटक सुमारे २७० किलोमीटर आहे, आणि खाण्यापिण्याचे व मुलांचे थांबे धरले तर सहा तासांच्या आत ते गाठणे कठीण. दुपारी चारला तुम्ही पोहोचाल, तेव्हा पुण्यात संध्याकाळचे साडेसहा झालेले असतील, म्हणजेच घराला कुलूप लावल्यापासून साडेएकवीस तास तुमचा धाकटा कुठल्या ना कुठल्या खुर्चीत बसलेला असेल. त्या अवस्थेत समोर सिंहांचा कळप आला, तरी तो आईच्या खांद्यावर मान टाकून झोपलेलाच असणार, आणि तुम्ही त्याला हलवून जागे करणार. दोघांच्याही जिवाला त्रास.

रस्त्याविषयीही थोडे सांगायला हवे. नैरोबी समुद्रसपाटीपासून सुमारे १,८०० मीटर उंचीवर आहे, म्हणजे आपल्या कळसूबाईच्या माथ्यापेक्षाही उंच. एवढ्या उंचीवर आजारी पडायला होत नाही, पण पहिल्या दिवशी थकवा लवकर येतो आणि हवा कोरडी असल्याने पाणी जास्त प्यावे लागते. शहर सोडल्यावर रस्ता आणखी चढतो आणि मग रिफ्ट व्हॅलीच्या खोऱ्यात माई माहिउ या छोट्या गावाच्या दिशेने घाटाने खाली उतरतो. या घाटात मालमोटारींची मोठी वर्दळ असते, वळणे आहेत, आणि रात्रभर नीट न झोपलेल्या, अर्धवट खाल्लेल्या मुलाला गाडी लागायला एवढे पुरेसे आहे. वाटेत नारोक हे एकमेव मोठे गाव, तिथेच बहुतेक गाड्या जेवणासाठी थांबतात. विषुववृत्ताजवळचा प्रदेश असल्यामुळे वर्षभर संध्याकाळी साडेसहा-पावणेसातला अंधार पडतो. दिवाळीच्या सुमारास तिथे लहान पावसाळा सुरू होत असतो आणि सरी बहुधा दुपारनंतर येतात. विमानाला दोन तास उशीर झाला आणि वाटेत पाऊस लागला, तर शेवटचा टप्पा अंधारात काढावा लागेल, आणि लहान मुलांना घेऊन अनोळखी मुलखात ते टाळलेलेच बरे.

एक रात्र नैरोबीत काढण्याचे आणखी एक कारण आहे, आणि माझ्या मते तेच सर्वांत वजनदार आहे. एखादी बॅग मागे राहिली, तर ती बहुधा पुढच्या विमानाने येते. तुम्ही नैरोबीत असाल तर ती तुमच्या हॉटेलवर येऊ शकते. तुम्ही माराला पोहोचलेले असाल, तर तिचा पाठलाग करण्यात दोन दिवस जातात, आणि तोवर मुलांना कपडे कुठून आणायचे हा प्रश्न उभा राहतो, कारण लॉजच्या आसपास दुकाने नसतात.

आता विमानतळ. पहिल्यांदाच परदेशी जाणाऱ्यांना याची धास्ती वाटते, पण तिथे घडते ते फार थोडे आहे आणि क्रम ठरलेला आहे. जोमो केन्याटा आंतरराष्ट्रीय विमानतळावर उतरल्यावर आधी पारपत्राची रांग, मग सामानाचा पट्टा, मग सीमाशुल्काची तपासणी आणि मग बाहेर नावाची पाटी घेऊन उभा असलेला चालक. यातली खरी परीक्षा पहिल्या रांगेत असते. केनियाने जानेवारी २०२४ पासून व्हिसाऐवजी इलेक्ट्रॉनिक प्रवासपरवाना सुरू केला आहे. तो प्रत्येकाचा वेगळा काढावा लागतो, सव्वातीन वर्षांच्या मुलाचासुद्धा. त्याचे शुल्क माणशी ३० डॉलरच्या आसपास आहे आणि अर्ज प्रवासाच्या निदान तीन दिवस आधी करायचा असतो. तुम्ही मात्र तीन दिवसांवर विसंबू नका, दोन-तीन आठवडे आधीच काढून ठेवा, आणि तो केनिया सरकारच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच काढा. सरकारी वाटावीत अशी, जास्तीचे पैसे उकळणारी खासगी संकेतस्थळे पुष्कळ आहेत. पारपत्रांची मुदत सहा महिन्यांहून अधिक उरलेली आहे ना, हे आजच पाहा. लहान मुलांचे पारपत्र पाचच वर्षांचे असते, आणि मुलीचे ती तान्ही असताना काढलेले असेल, तर ते कधीच संपलेले असेल.

परवान्याची छापील प्रत प्रत्येकाच्या पारपत्रात घडी घालून ठेवा. मोबाइलमध्ये आहे म्हणून निर्धास्त राहू नका, कारण चार्जिंग नेमके त्याच रांगेत संपते. तुमचे पारपत्र माहेरच्या आडनावाचे असेल आणि मुलांचे वडिलांच्या आडनावाचे, तर महापालिकेचे मुलांचे जन्मदाखले सोबत असू द्या. ते मराठी-इंग्रजी असे दोन्ही भाषांत असल्यामुळे वेगळे भाषांतर करावे लागत नाही.

रांगेत पाचही जणांनी उभे राहण्याची गरज नसते. विमान उतरायला लागण्याच्या अर्धा तास आधी दोन्ही मुलांना विमानातच स्वच्छतागृहात नेऊन आणा, कारण नंतर पट्टे बांधायचा दिवा लागतो आणि उतरल्यावर सगळ्या विमानाची गर्दी एकाच स्वच्छतागृहाकडे धावते. विमान खाली येताना धाकट्याला घोट घोट पाणी पाजत राहा, म्हणजे कान दुखणार नाहीत. विमानातून उतरल्यावर यजमानांनी पाचही पारपत्रे घेऊन रांगेत उभे राहावे. तुम्ही, सासूबाई आणि मुले बाजूला, पण त्यांच्या नजरेच्या टप्प्यात बसा, आणि त्यांच्या पुढे दोन कुटुंबे उरली की जाऊन मिळा. त्याआधी रांग सांभाळणाऱ्या कर्मचाऱ्याला एकदा नम्रपणे विचारायला हरकत नाही, की लहान मूल आणि वयस्कर बाई सोबत आहेत, पुढे जाता येईल का? तिथे मुलांचे कौतुक फार असते आणि पुष्कळदा विचारायच्या आधीच पुढे बोलावतात. विचारण्यात कमीपणा मानणारी माणसे मात्र तासभर उभी राहतात. खिडकीपाशी सर्वांना समोर यावे लागते. मोठ्यांच्या बोटांचे ठसे घेतात, किती दिवस राहणार आणि कुठे उतरणार एवढे विचारतात. पहिल्या रात्रीच्या हॉटेलचे नाव सर्वांना पाठ असावे.

पट्ट्यावरून सामान उचलले की ते तिथेच मोजा. एखादी बॅग नसेल, तर बाहेर पडण्यापूर्वीच विमान कंपनीच्या खिडकीवर तक्रार नोंदवून तिची पावती घ्या. एकदा बाहेर पडल्यावर पुन्हा आत जाऊ देत नाहीत.

सामानाच्या बाबतीत पुणेकरांना विशेष सांगण्यासारखी एक गोष्ट आहे. केनियात प्लास्टिकच्या कॅरीबॅगवर ऑगस्ट २०१७ पासून बंदी आहे आणि तिच्यात जबर दंडाची व कैदेचीही तरतूद आहे. बंदी आपल्याकडेही २०१८ पासून आहेच, पण भाजीवाल्याकडे काय चालते ते तुम्ही रोज पाहता. तिथे कायदा तसा घेत नाहीत. त्यामुळे चपला एका पिशवीत, ओले कपडे दुसऱ्या पिशवीत, आणि वर घडी करून ठेवलेल्या चार रिकाम्या ‘असू देत’ म्हणून, ही आपली सवय या खेपेस सोडून द्या आणि कापडी पिशव्या शिवून किंवा विकत घेऊन त्यांतच सामान लावा. बाकरवडी किंवा चिवडा कारखान्याच्या मूळ बंद पाकिटात न्या, घरी केलेला असेल तर डब्यात भरा. ताजी फळे, भाज्या आणि बियाणे नेऊच नका. संरक्षित वनक्षेत्रांत जून २०२० पासून एकदाच वापरायच्या प्लास्टिक बाटल्यांनाही मनाई आहे, तेव्हा प्रत्येकाची स्टीलची बाटली हवी. मुलीच्या वाढदिवसाला आलेला खेळण्यातला ड्रोन तिने बॅगेत लपवून आणला नाही ना, हेही पाहा. विनापरवाना ड्रोन तिथे जप्त होतो. लष्करी छापाचे कपडे टाळा, मुलांचेसुद्धा.

हातातल्या सामानाचा विचार एकाच प्रश्नावर करा: पट्ट्यावर काहीच आले नाही, तर पुढचे दोन दिवस निभतील का? प्रत्येकाचा एक जोड कपडे, धाकट्याचे दोन. सर्वांची औषधे मूळ वेष्टनात, सासूबाईंची रोजची औषधे डॉक्टरांच्या चिठ्ठीसह, आणि ती निम्मी त्यांच्या पिशवीत व निम्मी तुमच्या. पिवळ्या तापाच्या लसीची कार्डे, ज्यांविषयी पुढे लिहिते. मुलांचे एकेक स्वेटर, कारण आफ्रिका म्हणजे ऊन अशी समजूत घेऊन गेलेली माणसे पहाटे साडेसहाला उघड्या छपराच्या गाडीत कुडकुडतात. तिथला गारठा पुण्यातल्या डिसेंबरच्या पहाटेसारखा असतो आणि वर गाडीचा वारा. खाण्यात दशम्या, गुळपोळी, सुकामेवा, राजगिऱ्याचे लाडू असे न सांडणारे आणि न नासणारे पदार्थ ठेवा. लहान मुलाचे दूध आणि पेज सुरक्षा तपासणीतून बेताच्या प्रमाणात नेऊ देतात, फक्त ते बाहेर काढून दाखवावे लागते. जेवणाची फार चिंता करू नका. केनियात चपाती घरोघरी आणि हॉटेलांतही खातात, चहा दुधाचा असतो, आणि वरण-भातासारखे काही हवे असले तर भारतीय वस्ती जुनी असल्यामुळे नैरोबीत ते मिळणे अवघड नाही.

घडीची बाबागाडी न्यावी का, असे तुम्ही विचारलेले नाही, पण विचाराल. न्यावी. दोन्ही विमानतळांवर ती सोन्याच्या मोलाची आहे, विमानाच्या दारापर्यंत नेता येते, आणि धाकटा तिच्यात झोपला तर रांगेचा प्रश्नच मिटतो. माराच्या गवतात आणि चिखलात मात्र तिचा काडीचा उपयोग नाही, म्हणून ती नैरोबीच्या हॉटेलात ठेवून जा आणि परतताना उचला. मुंबई सोडण्यापूर्वी दोन्ही मुलांचा त्या दिवशीच्या कपड्यांतला एक फोटो काढून ठेवा, आणि तुमचा नंबर व हॉटेलचे नाव लिहिलेली चिठ्ठी त्यांच्या खिशात घालून खिसा पिनेने बंद करा.

चालकाचे नाव, फोटो आणि गाडीचा क्रमांक आदल्या दिवशी व्हॉट्सअ‍ॅपवर मागवून घ्या. बाहेर पडताच टॅक्सी विचारणारे बरेच जण पुढे येतील. त्यांच्याशी वाद घालू नका, हसून पुढे चालत राहा. सिमकार्ड तिथेच विमानतळावर पारपत्र दाखवून मिळते, पण ते घ्यायला एकट्या यजमानांनी जावे. थोडे शिलिंग बदलून घ्या, बाकी डॉलर असू द्या. मात्र डॉलरच्या नोटा नव्या छपाईच्या आणि न फाटलेल्या हव्यात, कारण जुन्या मालिकेच्या नोटा तिकडे बहुतेक ठिकाणी घेत नाहीत. पुण्यात परकीय चलन घेताना नोटांवरची वर्षे पाहूनच घ्या. गाडीत लहान मुलाचे आसन हवे असेल, तर ते आधी मागावे लागते. आपोआप ते कुणीही आणत नाही.

नैरोबीच्या त्या दिवसाचा बेत करताना एक चूक सर्रास होते. विमान आठला उतरते, हॉटेलची खोली दोनला मिळते, आणि मधले तास मुले दिवाणखान्यातल्या सोफ्यावर लोळून काढतात. म्हणून सकाळी दहाला खोली मिळेल, असे हॉटेलकडून लेखी घ्या. ते तयार नसतील, तर आदल्या रात्रीचेही भाडे भरून खोली धरून ठेवा. हा खर्च जिवावर येतो, पण वाचलेल्या ६०० डॉलरमधून तो करायचा आहे. हॉटेल शहराच्या मध्यात नको. कॅरेन किंवा लांगाटा या बाजूला घ्या, म्हणजे दुसऱ्या दिवशी सकाळच्या वाहतुकीची बरीचशी कोंडी चुकेल. खोलीवर गेल्यावर सर्वांनी अंघोळ करून दोन तास झोपावे, त्याहून अधिक नाही, नाहीतर रात्र जागण्यात जाईल. दुपारी लांगाट्याच्या जिराफ केंद्रात जा. तिथे उंच चौथऱ्यावर उभे राहून मुलांना जिराफाला हातांनी खाद्याच्या गोळ्या भरवता येतात, आणि जिराफाची लांब, करडी, खरखरीत जीभ तळहातावरून फिरली, की धाकटा पुढचा तासभर दुसरे काही बोलणार नाही. वेळ पाचपर्यंतची असते, तेव्हा तीनला निघालात तर पुरे. अनाथ हत्तींच्या पिल्लांचे शेल्ड्रिक केंद्र त्याच भागात आहे, पण ते पाहुण्यांसाठी सकाळी अकरा ते बारा एवढेच उघडे असते आणि जागा आधी राखावी लागते. ते परतीच्या दिवसाकरता ठेवा. त्यासाठी माराहून सकाळच्या विमानाने परतणे किंवा नैरोबीत शेवटची एक रात्र राहणे, यांपैकी काही जमत असेल तरच, नाहीतर सोडून द्या.

संध्याकाळी साडेसहाला मुलांना जेवायला घालून साडेसातला झोपवा. त्यांच्या शरीराला तेव्हा रात्रीचे दहा वाजलेले असतात, त्यामुळे ती कुरकुरत नाहीत. पहाटे चारला दोन्ही मुले टक्क जागी होतील, आणि इथे अडीच तासांचा फरक तुमच्या बाजूने वळतो. सहाला निघायचे असेल, तर कुणालाही ओढून उठवावे लागणार नाही. माराच्या पहाटफेऱ्यांनाही हेच घड्याळ उपयोगी पडेल, म्हणून ते तिथल्या वेळेला जुळवण्याच्या भानगडीत पडू नका.

गाडीऐवजी विमानाने माराला जावे का? तुमच्या घरात ६७ वर्षांच्या सासूबाई आणि सव्वातीन वर्षांचे मूल असल्यामुळे, परवडत असेल तर निदान जाताना तरी जावे असे माझे मत आहे. लहान विमाने विल्सन या दुसऱ्या विमानतळावरून सुटतात, पाऊण ते एक तासात माराच्या धावपट्टीवर उतरवतात, आणि घाटाचा सगळा त्रास वाचतो. सकाळचेच विमान घ्या, कारण दुपारी हवा तापल्यावर ती हलतात. सामान मात्र माणशी १५ किलो, तेही हातातल्या पिशवीसकट आणि मऊ बॅगांत. चाकांच्या कडक बॅगा नैरोबीत ठेवाव्या लागतील. गाडीनेच जाणार असाल, तर अख्खी गाडी तुमच्या कुटुंबापुरती हवी. माराच्या फेऱ्यांसाठीही हेच लागू आहे. अनेक लॉज इतरांबरोबरच्या सामाईक गाडीत एवढ्या लहान मुलांना घेत नाहीत, आणि घेतले तरी सहप्रवाशांच्या कपाळावरच्या आठ्या मोजत बसावे लागते.

शेवटी आरोग्याचे, जे खरे तर सर्वांत आधी सुरू करायला हवे. केनियाहून परतणाऱ्यांकडे पिवळ्या तापाच्या लसीचे कार्ड आहे का, हे भारत तपासतो, आणि नसेल तर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतो. लस प्रवासाच्या निदान दहा दिवस आधी घ्यावी लागते, ती सरकारमान्य केंद्रांतच मिळते, ठरावीक वारीच देतात आणि वेळ आधी घ्यावी लागते. एकदा घेतलेली लस जन्मभर चालते. कार्डावरचे नाव आणि पारपत्र क्रमांक तिथेच ताडून पाहा. दोन्ही मुलांना ती देता येते, मात्र गोवरासारखी दुसरी जिवंत लस नुकतीच दिली असेल तर दोहोंत चार आठवड्यांचे अंतर ठेवतात. अंड्याची तीव्र अ‍ॅलर्जी असल्यास ही लस चालत नाही. सासूबाईंच्या बाबतीत घाई नको. साठीनंतर या लसीचे गंभीर दुष्परिणाम विरळा असले तरी तरुणांपेक्षा अधिक संभवतात, म्हणून त्यांच्या नेहमीच्या डॉक्टरांचा सल्ला आधी घ्या, आणि तोही टूरचा उरलेला हप्ता भरण्यापूर्वी.

मलेरियाचा धोका नैरोबी शहरात कमी आणि मारात अधिक असतो. प्रतिबंधक गोळ्यांपैकी काही प्रवासाच्या एक-दोन दिवस आधी, तर काही दोन आठवडे आधी सुरू कराव्या लागतात, मुलांची मात्रा वजनावर ठरते, आणि आठ वर्षांखालील मुलांना डॉक्सिसायक्लीन सहसा देत नाहीत. त्यामुळे बालरोगतज्ज्ञांकडे सहा आठवडे आधी जा, म्हणजे लस आणि गोळ्या दोन्हींचे वेळापत्रक एकदमच बसेल. परतल्यावर तीन महिन्यांच्या आत कुणालाही ताप आला, तर पहिल्याच भेटीत डॉक्टरांना सांगा, की आम्ही केनियाला जाऊन आलो आहोत.

टूरवाल्यांना लिहायच्या पत्रात चार गोष्टी असू द्या: पहिली रात्र नैरोबीत, सकाळी दहाला खोली, माराच्या एका दिवसाच्या शुल्काचा परतावा, आणि पूर्ण वेळ स्वतंत्र गाडी. ‘बघू, तिथे गेल्यावर होईल’ असे उत्तर आले, तर ते नकार समजून पुन्हा लिहा.